आग्रहाची पोळी

आमच्या निमोणे गावातल्या घरी ‘नको’ या शब्दाला कुणी किंमत देत नाही. पाहुण्यानं पहिल्यांदा नको म्हणायचं ही रीत, दुसऱ्यांदा म्हणायचं हा संकोच, आणि तिसऱ्यांदा तो ताटावर हात आडवा धरतो तेव्हा त्या हाताखालून पोळी ताटात सरकवायची, ही खरी माया. माझ्या थोरल्या जाऊबाई या कामात पंचक्रोशीत कुणाला हार जाणार नाहीत. त्यांना मी अक्का म्हणते. मी या घरात आले त्याला तीस वर्षं होत आली, आणि एवढ्या वर्षांत अक्कांनी माझ्या ताटात टाकलेली शेवटची पोळी मला एकदाही हवी नव्हती. तरी दरवेळी मी ती खाल्ली. अन्न टाकायचं नाही असं लहानपणी मला एकदा सांगितलं होतं, आणि मला एकदा सांगितलेलं पुरतं.

आम्ही नवराबायको राहतो शिरूरला. मी तिथं रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. सुई टोचण्याआधी माणसं विचारतात, “दुखणार नाही ना?” मी सांगते, “दुखेल, थोडं.” सुरुवातीला आमच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं की पेशंटशी असं बोलू नये. पण माणसं परत आली की माझ्याच खुर्चीसमोर येऊन बसायची, म्हणून त्यांनी पुढं नाद सोडला.

दोनेक वर्षांपूर्वी लॅबमध्ये एक बाई आपल्या मुलाला घेऊन आली होती. ती शेजारच्या बाईला मुलाबद्दल सांगत होती. याला ट्यूबलाइटचा आवाज ऐकू येतो, कपड्याची शिवण टोचते, लग्नाकार्यात कोपरा धरून बसतो, जे म्हणाल ते खरं मानतो. मी नळ्यांना चिठ्ठ्या चिकटवत होते. ऐकता ऐकता माझा हातच थांबला. हिला माझ्याबद्दल कुणी सांगितलं, असं मला वाटलं. तो मुलगा ऑटिस्टिक होता. पुढं काही महिन्यांनी, पुण्याला बऱ्याच खेपा घातल्यावर, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं की मीही आहे. तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती.

मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. हा शब्द ज्यानं काढला त्यानं आमच्यापैकी कुणाला विचारलं नसावं. मी मेली स्वतःत मग्न कधी झाले? माझा उभा जन्म समोरच्याच्या मनात काय आहे ते ताडण्यात गेला. नवऱ्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मला वाटलंच होतं काहीतरी असंल. पर तू हायेस ती हायेस.” आणि तो पेपर वाचायला लागला. त्याच्या त्या पेपर वाचण्यानं मला जेवढा धीर आला तेवढा कुठल्याच समजुतीनं आला नसता. सासरी मात्र कुणाला सांगितलं नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तुमच्यासारखी माणसं भेटली तर बरं वाटेल. पुण्यात अशा मंडळींचा एक मेळावा होता, तिथं गेले. चांगली माणसं होती. पण हॉलमधला पंखा किरकिरत होता आणि सगळ्यांनी गोल बसून स्वतःबद्दल बोलायचं होतं. माझी पाळी यायच्या आधी मी उठून शिरूरची एसटी धरली. आणि शिरूरला अशी माणसं शोधायची कुठं? कुणाच्या कपाळावर लिहिलेलं थोडंच असतं.

मग हळूहळू कळलं की शोधायला जायचं नसतं. ती आपल्या आसपासच असतात, आणि लोकांनी त्यांना दुसरी नावं ठेवलेली असतात. तळेगाव ढमढेऱ्याच्या आठवडी बाजारात एक बागवान मामा बसतात. माझं माहेर तिथलं, म्हणून त्यांच्याकडून भाजी घेण्याची मला जुनी सवय. ते भाव एकदा सांगतात. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की चिडत नाहीत, पुन्हा त्याच आवाजात तोच भाव सांगतात. वर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकत नाहीत. “आज मेथी घेऊ नका, चांगली न्हाई,” असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगतात. बाजारात त्यांना उर्मट म्हणतात. मला मात्र त्यांच्यापुढं उभं राहिलं की मानेवरचं ओझं उतरल्यासारखं वाटतं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतसुद्धा नाही. मी काही डॉक्टर नाही, आणि कुणावर शिक्के मारत फिरायचा मला हक्क नाही. पण ओळख पटायची ती पटते.

आणि मग आमच्या घरात सून आली.

अक्का आणि माझे थोरले दीर यांना एकच मुलगा, रांजणगावच्या कंपनीत नोकरीला. मागच्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. मुलगी दौंडची. तिची आई ती लहान असतानाच गेलेली. वडिलांचं तिथं जळालेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायचं, मोटार रिवायंडिंगचं दुकान. लग्नाची सगळी बोलणी मुलीच्या आत्यानं केली. ती कासुर्डीला दिलेली, आणि बोलण्यात अशी की दगडालाही पाझर फुटावा. मुलीचे वडील बैठकीत हजर होते, पण ते काही बोलल्याचं मला आठवत नाही.

लग्नानंतरच्या पूजेला आम्ही निमोण्याला गेलो. पंगतीत नवी सून पोळ्या वाढत होती. माझ्यापुढं आली आणि म्हणाली, “काकी, पोळी?”

मी म्हटलं, “नको.”

ती पुढच्या ताटाकडे गेली. मी हात आडवा धरायला उचलला होता, तो तसाच राहिला. हळूच मान वर करून पाहिलं. ती विसरलेली नव्हती की रागावलेली नव्हती. मी नको म्हटलं होतं आणि तिनं ते ऐकलं होतं, एवढंच. त्या दिवशी त्या घरात पहिल्यांदा मी पोटाला हवं तेवढंच जेवून उठले.

गौरीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी मागच्या पडवीत भुईमुगाच्या शेंगा फोडायला बसलो. बराच वेळ दोघीही बोललो नाही. शेवटी ती म्हणाली, “काकी, तुमच्याशी बोलून बरं वाटलं.” आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. मला हसू आलं आणि आनंदही झाला. आयुष्यात इतकं चांगलं बोलणं माझं फार थोड्यांशी झालंय.

अक्कांचं मात्र तिच्याशी बिनसत चाललं होतं. पोरगी कामाला वाघ होती, खोटं कधी बोलायची नाही, पण माणसाची आवभगत तिला जमत नाही, ही अक्कांची तक्रार. दसऱ्याच्या सुमाराला अक्कांच्या माहेरचे पाहुणे आले. अक्का शेतात होत्या. सुनेनं विचारलं, “चहा करू?” पाहुणे म्हणाले, “कशाला, ऱ्हाऊ द्या.” तिनं राहू दिलं. पाहुणे घटकाभर बसले आणि कोरड्या घशानं उठून गेले. अक्कांचं माहेर म्हणजे अक्कांचं नाक. त्या दिवसापासून त्या सुनेशी कामापुरतंच बोलायला लागल्या.

दिवाळसणाला सून दौंडला गेली. त्याच वेळी कंपनीनं पुतण्याला ट्रेनिंगसाठी चेन्नईला धाडलं. पाडवा झाला, तुळशीचं लग्न झालं, सून आली नाही. पुतण्यानं तिला फोनवर विचारलं तर ती म्हणाली, आईंनी बोलावलं की येते. आईला विचारलं तर ती म्हणाली, “मला काय विचारतो? तुझी बायको, तू बघ.” तो बिचारा चेन्नईत बसून काय बघणार? संक्रांत आली. नव्या सुनेची पहिली संक्रांत. काळी साडी आणून ठेवलेली, हलव्याचे दागिने सांगितलेले. तेही तसेच राहिले. मग गावानं ठरवून टाकलं की सून नांदायची नाही.

माझ्या थोरल्या दिरांना सगळे आप्पा म्हणतात. सोसायटीचे चेअरमन राहिलेले, चार माणसांत वजन असलेले. ते म्हणाले, “एकदा जाऊन सोक्षमोक्ष लावू. येती का न्हाई, एवढंच इचारायचं. न्हाई म्हणली तर फारकतीचा कागद करून मोकळं.”

गाडी आमची, म्हणून आम्हा दोघांनाही बरोबर घेतलं. निघायच्या आदल्या रात्री मला झोप आली नव्हती. लोकांना वाटलं असेल घराण्याच्या अब्रूची काळजी. तसं काही नव्हतं. त्या भरल्या घरात इतक्या वर्षांनी माझ्या वळणाचं एक माणूस आलं होतं, आणि ते आता जाणार होतं. मला ती पोरगी हवी होती.

सकाळी लवकर निघालो. नवऱ्यानं वाटेत एका हॉटेलपाशी गाडी हळू केली तर आप्पा म्हणाले, “थांबू नको. व्याह्याच्या घरी चहा-नाष्टा होणारच हाय.” भीमेचा पूल ओलांडून दौंडात शिरलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. व्याह्यांचं घर छोटंसं, खाली दुकान, वर दोन खोल्या. तांब्याच्या तारेची रिळं जिन्याच्या कडेला ओळीनं लावलेली. व्याह्यांनी दार उघडलं. “या, बसा,” म्हणाले. पाणी आणून दिलं. मग एकेकाकडे वळून त्यांनी विचारलं.

“चहा घेणार?”

“कशाला तरास, ऱ्हाऊ द्या,” आप्पा म्हणाले.

“तुम्ही?”

“न्हाई न्हाई, आत्ताच घेतलाय,” अक्का म्हणाल्या. पहाटेपासून त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं.

माझा नवरा म्हणाला, “नको.” मोठा भाऊ नको म्हणाल्यावर तो काय म्हणणार?

“तुम्ही?”

“मला हवा,” मी म्हटलं. “साखर अर्धा चमचा.”

ते आत गेले. थोड्या वेळानं बाहेर आले ते एक कप घेऊन. तो त्यांनी माझ्या हातात दिला आणि समोरच्या खुर्चीवर बसले. साखर बरोबर अर्धा चमचा होती. दुसऱ्या घोटाला माझ्या लक्षात आलं की खोलीत सगळे माझ्या कपाकडे बघतायत. आप्पांच्या मिशा हलत होत्या. तेव्हा मला कळलं की मी माझ्या वळणाच्या एका माणसाला नाही, दोघांना भेटायला आले आहे. आधी हसू फुटायला लागलं, मग भीतीच वाटली. या घरात दुसऱ्यांदा विचारायची रीतच नव्हती. बाप आणि लेक इतकी वर्षं एकमेकांशी सरळ बोलत आली होती, आणि बाहेरच्या जगाशी बोलायला त्यांनी कासुर्डीची आत्या ठेवली होती.

“मंग?” आप्पांनी सुरुवात केली. “काय ठरवलं तुमी?”

“कशाचं?” व्याही म्हणाले.

“पोरीचं.”

“तुम्ही सांगाल तसं.”

“आमी काय सांगणार? पोरगी तुमची हितं येऊन बसली.”

“तुम्हीच ठेवून घ्या म्हणालात.”

“मी?” अक्का उसळल्या. “मी कवा म्हणले?”

सून आतल्या दारात येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, “आई, तुळशीच्या लग्नाच्या आधी मी फोन केला होता. विचारलं, कधी येऊ. तुम्ही म्हणालात, ‘काय घाई न्हाई. ऱ्हा की निवांत. तुझ्यावाचून काय अडलंय हितं.’”

तिनं ते अक्कांच्याच सुरात, शब्दाला शब्द धरून म्हटलं. त्यात टोमणा नव्हता. ऐकलं तसं सांगितलं. अक्कांच्या तोंडावरचा रंग उडाला.

“अगं, ते रागानं म्हणले मी! रागात माणूस काय बी म्हणतं. त्यावर तू लगीच यायचं व्हतंस.”

“मग खरं काय होतं?” सुनेनं विचारलं.

खरं काय होतं हे अक्कांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

आप्पा उठले. “चला,” म्हणाले. “इथं बसण्यात अर्थ न्हाई. ज्या घरात पाव्हण्याला चहा मिळत न्हाई, तिथं नातं काय मिळणार?”

व्याही गोंधळून म्हणाले, “विचारलं की मी. नको म्हणालात.”

आप्पांना वाटलं चेष्टा चाललीय. त्यांनी चपलेकडे पाय वळवला, अक्काही उठल्या. मला दिसत होतं की आता ही माणसं जिना उतरली की झालं. मग कागद, मग सह्या. आणि ती पोरगी अजून दारात उभी होती, तिच्या प्रश्नाचं उत्तर येईल म्हणून.

सासरच्या बैठकीत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. “आप्पा, बसा,” मी म्हटलं. आवाज फार मोठा निघाला असावा, कारण आप्पा खरंच बसले.

मी म्हटलं, “हे तुमची चेष्टा करत नाहीत. यांना नको म्हटलेलं नकोच ऐकू येतं. मलाही तसंच ऐकू येतं. तुम्ही सगळे नको म्हणता तेव्हा पोटात हो असतं, हे जगाला आपोआप कळतं. मला कळत नाही. मी सासरी आल्यावर ते पाढ्यासारखं पाठ केलं, आणि अजून चुकते. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय मला. ऑटिझम म्हणतात त्याला.”

“म्हंजी डोक्याचं?” अक्का घाबरून म्हणाल्या.

“वेड नाही, अक्का. जन्मापासूनची घडण. तीस वर्षं तुमच्यासमोरच वावरतेय की मी.”

माझा नवरा खिडकीशी उभा होता. तो म्हणाला, “खरं हाय. मला म्हाईत हाय.” बस्स, एवढंच. पण त्याच्या भावानं मग चपलेकडे पाहिलं नाही.

व्याही मात्र माझ्याकडे बघत होते. आल्यापासून पहिल्यांदाच. “याला नाव आहे?” त्यांनी विचारलं.

“आहे. पण तुमचं किंवा हिचं तेच आहे, असं मी सांगू शकत नाही. ते डॉक्टरांनी बघायचं. मला फक्त ओळख पटली.”

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, “मला वाटायचं, हिची आई गेली आणि मी एकट्यानं वाढवली, म्हणून ही अशी झाली. मी बिघडवली.”

मला रडू आवरेना. ते काही लपवायसारखं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, “तुम्ही बिघडवली नाही. माझ्या ताटात नको असलेली पोळी न टाकणारी ही आमच्या घरातली पहिली आहे.”

मग व्याही उठले आणि कपाटाच्या बाजूनं एक बॅग ओढून त्यांनी मध्ये ठेवली. “ही भरलेलीच आहे,” ते म्हणाले. “तुम्ही ये म्हणायची ती वाट बघतेय. गरम कपडे लागतील म्हणून मध्यंतरी स्वेटर तेवढा त्यात घातला.”

अक्का त्या बॅगेकडे बघतच राहिल्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. “तिला सांगा. खरं आहे ते.”

“काय सांगू?” अक्का पुटपुटल्या. मग सुनेकडे न बघता म्हणाल्या, “ये म्हणावं आता. गावात लोक काय काय बोलत्यात.”

“लोकांसाठी येऊ?” सुनेनं विचारलं.

“न्हाई गं. म्हंजी... सणवार हाय. पोरगा यील आता चेन्नईहून.”

“त्यांच्यासाठी येऊ?”

अक्कांनी पदर तोंडाला लावला. त्यांनी आयुष्यभर माया केली ती पोळ्या वाढून, डबे भरून, रुसून आणि रागावून. तोंडानं ती कधी बोललेली मी ऐकली नव्हती. मला त्यांची दया आली, कारण ज्या परीक्षेला मी रोज बसते त्या परीक्षेला त्या आज पहिल्यांदा बसल्या होत्या.

“मला,” अक्का म्हणाल्या. “मला तू घरी पायजेस. मला करमत न्हाई.”

“बरं,” सून म्हणाली. “येते.” आणि तिनं बॅग उचलली. इतक्या लगेच, की अक्का दचकल्याच. त्यांना वाटलं होतं अजून मनधरणी करावी लागेल.

मग आप्पांनी घसा खाकरला. चारचौघांत वजन असलेला तो माणूस लहान पोरासारखा खाली बघत म्हणाला, “आन् मला... मला चहा पायजे.”

“साखर किती?” व्याह्यांनी विचारलं.

परत येताना मागच्या सीटवर आम्ही तिघी बसलो. सून खिडकीला डोकं टेकून झोपली होती. पूल ओलांडल्यावर अक्का मला हळूच म्हणाल्या, “मी तुला इतकी वर्सं बळंच वाढत आले. तवा तुला तरास व्हायचा व्हय?”

“व्हायचा,” मी म्हटलं.

निमोण्यापर्यंत अक्का बाहेर बघत राहिल्या. त्यांचं मन राखायला ‘नाही व्हायचा’ म्हणायला हवं होतं का, याचा विचार मी घर येईपर्यंत करत होते, आणि मला ते ठरवता आलं नाही.

रात्री सगळे जेवायला बसलो. अक्का पोळ्यांची दुरडी घेऊन वाढत आल्या. माझ्या ताटापाशी थांबल्या.

“वाढू?”

“नको,” मी म्हटलं.

पोळी धरलेला त्यांचा हात ताटावर तसाच थांबला. इतक्या वर्षांची सवय होती ती. मग अक्कांनी पोळी दुरडीत परत ठेवली आणि पुढं गेल्या.

माझ्या डोळ्यांना धार लागली. अक्कांनी वळून पाहिलं आणि त्या धावत परत आल्या. “अगं बया, रडती कशाला? भूक हाय का? वाढू का मग?”

“नको, अक्का,” मी म्हटलं. “खरंच नको.”